धूर कोणत्या रंगाचा, आणि कधी?



दसरा-दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातून ट्रॅक्टरांच्या रांगा निघतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर, गेवराई, कुठलाही तालुका घ्या. मागे दोन ट्रॉल्या, त्यांत भांडीकुंडी, धान्याची पोती, कोपीसाठी बांबू आणि ताडपत्री, आणि त्यावर बसलेली माणसं, लेकरं. कुणाचा कारखाना सांगली-कोल्हापूरकडे, कुणाचा सोलापूरकडे, कुणाचा थेट कर्नाटकात. पुढचे चार-पाच महिने त्या ट्रॅक्टरच्या इंजिनावर सगळ्या टोळीचं पोट असतं. ट्रॅक्टरचा हप्ता चालू असतो, टोळीने उचल घेतलेली असते. तोडलेला ऊस फडात वाळत पडला आणि ट्रॅक्टर गॅरेजात उभा राहिला, तर उसाचं वजन घटतं, खेपा बुडतात आणि उचल अंगावर राहते.

इंजिन सहसा एका दिवसात बसत नाही. त्याआधी बरेच दिवस ते सायलेन्सरमधून सांगत असतं. आज त्या धुराविषयी बोलायचं आहे.

रंगांचं गणित तसं सगळ्यांना तोंडपाठ असतं. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा म्हणजे पाणी. चहाच्या टपरीवरही हेच ऐकायला मिळतं, आणि ते खोटं नाही. पण एवढ्यावर इंजिन उघडायला काढलं की खिशाला भोक पडतं. पांढरा धूर दिसला म्हणून हेड खोलतात आणि दोष निघतो नोझलमध्ये. निळा दिसला म्हणून रिंगा-लायनर बदलायचं ठरतं आणि कारण असतं एअर क्लीनरच्या वाटीत जास्त भरलेलं ऑइल. म्हणून रंगाच्या जोडीला दुसरा प्रश्न विचारायला हवा: धूर येतो कधी? सकाळी चालू करताना, रिकामं चालताना, चढावर, की दिवसभर? माझ्या मते निम्मं निदान या दुसऱ्या प्रश्नातच होतं.

आधी हवेचा हिशेब पाहू. डिझेल इंजिनाला आपण डिझेल पाजतो, पण ते खरं खातं हवा. एक लिटर डिझेल पुरतं जळायला सुमारे 12 किलो हवा लागते, म्हणजे साधारण 10 हजार लिटर. उन्हाळ्यात गावात पाण्याचा जो मोठा टँकर येतो, तेवढी हवा, एका लिटरला! आणि हा झाला पुस्तकी हिशेब. प्रत्यक्षात डिझेलचा थेंब नि हवा यांना मिसळायला फारच थोडा वेळ मिळतो, त्यामुळे हवा याहूनही बरीच जास्त लागते. ही सगळी हवा एका एअर क्लीनरमधून जाते, आणि आपल्याकडे तो एअर क्लीनर काळ्या मातीच्या फुफाट्यात काम करतो.

हवा कमी पडली की डिझेलमधला कार्बन अर्धवट जळतो. त्याचे बारीक काजळीकण तयार होतात, ते प्रकाश गिळतात, म्हणून धूर काळा दिसतो. निळ्या धुराची गोष्ट वेगळी. त्यात इंजिन ऑइलचे इतके सूक्ष्म थेंब असतात की ते प्रकाशातला निळा भाग जास्त विखुरतात. आकाश निळं दिसतं ते साधारण याच कारणाने. पांढऱ्या धुरातले थेंब मोठे, ते सगळेच रंग सारखे विखुरतात, ढगासारखे. इथे एक व्यवहाराची गोष्ट लक्षात ठेवा. तोच निळा धूर पाठीमागे डोंगर किंवा काळी भिंत असेल तर निळा दिसतो, आणि उजळ आकाशासमोर पाहिला तर मळकट पिवळसर. ट्रॅक्टरचं धुराडं वर आकाशाकडे असतं, त्यामुळे खालून मान वर करून पाहणारा फसतो. थोडं लांब जाऊन, झाडाच्या गर्द पार्श्वभूमीवर धूर पाहावा.

आता काळा धूर. मांजरसुंब्याचा किंवा धारूरचा घाट चढताना भरलेल्या ट्रॅक्टरमागे अडकलेल्या प्रत्येकाला तो ठाऊक आहे. फक्त चढावरच काळा धूर येत असेल आणि सपाटीवर जात असेल, तर आधी चालवणाऱ्याकडे पाहा. वरचा गियर तसाच ठेवून, इंजिन गुदमरत असताना अ‍ॅक्सिलेटर दाबून धरायची सवय अनेकांना असते. फेरे कमी म्हणून हवा कमी, आणि पंप मात्र पूर्ण डिझेल सोडतोय. एक गियर खाली आणला की धूर निम्म्यावर येतो. तरीही राहिला तर ट्रॉल्यांमध्ये ऊस किती भरलाय ते पाहावं लागेल. त्यावर मिस्त्रीकडे औषध नाही.

रिकामं चालतानाही धूर काळाच असेल तर पहिला संशय एअर क्लीनरवर घ्या. अनेक ट्रॅक्टरांवर अजून ऑइलच्या वाटीचा एअर क्लीनर आहे. धूळ त्या ऑइलमध्ये बसते आणि तळाशी चिखल होतो. फुफाट्यात काम असेल तर ती वाटी रोज खोलून पाहायची असते, आठवड्याने नव्हे. चिखल साचला असेल तर ऑइल टाकून द्या, वाटी डिझेलने धुवा, आणि नवं ऑइल खुणेपर्यंतच भरा. खुणेपर्यंतच का, ते निळ्या धुराच्या वेळी येईल. कागदी फिल्टर असेल तर तो दगडावर आपटून साफ करणारे पुष्कळ भेटतात. आपटल्याने कागदाच्या घड्या फाटतात आणि धूळ सरळ आत जाते. त्यापेक्षा मळका फिल्टर परवडला.

एअर क्लीनर ठीक असेल तर नोझल पाहावं. चांगलं नोझल डिझेलचं धुकं करतं, खराब नोझल थेंब गाळतं. कोणत्या सिलिंडरचं नोझल खराब आहे हे जुने मिस्त्री एका युक्तीने शोधतात. इंजिन हळू चालू ठेवून ते एकेका नोझलच्या पाइपाचा नट सैल करतात. नट सैल केल्यावर धूर कमी झाला तर दोषी नोझल तेच. ही युक्ती जुन्या, साध्या पंपाच्या इंजिनांपुरतीच आहे, आणि तिथेही हात त्या फवाऱ्यापासून दूर ठेवावा लागतो. नव्या कॉमन रेल इंजिनात पाइपातला दाब हवेच्या दाबाच्या हजार पटींच्याही पुढे असतो. तो फवारा कातडी भेदून बोटात शिरतो. बाहेर टाचणीएवढा ठिपका दिसतो, आत मांस मरायला लागतं, आणि ताबडतोब शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट जातं. तिथे पाना लावू नये.

काळ्या धुराचं तिसरं कारण आपणच तयार करतो. पंपाचं सील तोडून स्क्रू फिरवायचा आणि डिझेल वाढवायचं, याला ‘पंप वाढवणं’ म्हणतात. हंगामाच्या तोंडावर हे काम जोरात चालतं. काळा धूर फेकणारा ट्रॅक्टर म्हणजे ताकदवान, असा समज मोबाइलवरच्या शर्यतींच्या व्हिडिओंनी आणखी पक्का केलाय. थोडा जोर वाढतो, हे खरं आहे. पण हवा तेवढीच असल्याने वरचं डिझेल काजळी होऊन बाहेर जातं, पिस्टनचं डोकं तापतं, काजळी ऑइलमध्ये उतरते आणि ऑइल घट्ट होतं. धुराड्यातून उडणारा तो काळा लोट तुम्ही पंपावर पैसे मोजून आणलेला असतो.

टर्बो असलेल्या इंजिनाने एकदम रेस दिल्यावर काळा फुत्कार टाकला आणि लगेच थांबला तर काळजी नको. टर्बोला वेग घ्यायला क्षणभर लागतो. पण एखाद्या दिवशी अचानक धूर वाढला, ताकद गेली आणि शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तर टर्बोनंतरचा रबरी पाइप निसटलाय किंवा फाटलाय. त्याला क्लिप लावली की बहुतेक वेळा काम भागतं.

निळा धूर जास्त गंभीर, कारण तो बहुधा झीज दाखवतो. तरी इथेही ‘कधी’ हा प्रश्न सोडू नका. रात्रभर उभ्या इंजिनाने सकाळी चालू होताना निळा झोत टाकला आणि दोन मिनिटांत साफ झालं, तर वॉल्वच्या गाइडमधून किंवा सीलमधून रात्रभर ऑइल ठिबकलंय. हे काम हेड काढून होतं, पूर्ण इंजिन उघडावं लागत नाही. लोड आला की निळा, दिवसभर निळा, आणि ऑइल टाकावं लागतंय, असं असेल तर रिंगा आणि लायनर. याची खूण अशी: इंजिन गरम करून हळू चालू ठेवा आणि ऑइल भरायच्या तोंडाचं झाकण सावकाश सैल करा. तिथून भसभस, ठोक्याठोक्याने धूर येत असेल तर सिलिंडरमधला दाब रिंगांच्या बाजूने खाली निसटतोय. इंजिन धाप टाकतंय असं मिस्त्री म्हणतात, ते हेच. खात्रीसाठी कॉम्प्रेशन मोजून घ्यावं. मोजायचा खर्च इंजिन खोलण्याच्या मानाने काहीच नसतो.

पण त्याआधी दोन फुकटच्या गोष्टी तपासा. एक, ऑइलची पट्टी काढून पातळी पाहा. वरच्या खुणेच्या वर ऑइल असेल तर जास्तीचं ऑइल उडून वर चढतं आणि जळतं. ‘जास्त असलेलं बरं’ हे धान्याच्या कणगीला लागू आहे, इंजिनाला नाही. दोन, तीच एअर क्लीनरची वाटी. खुणेच्या वर भरली तर इंजिन हवेबरोबर ते ऑइल ओढून घेतं. धूर निळा होतो, आणि बरंच ऑइल शिरलं तर इंजिन त्याच ऑइलवर सुसाट पळू लागतं. डिझेल बंद केलं तरी थांबत नाही, कारण जळण दुसऱ्याच वाटेने येतंय. अशा वेळी हवेचं तोंड बंद करणं हाच उपाय. ते सपाट, मजबूत फळीने दाबायचं, हाताने किंवा फडक्याने नाही. फडकं आत ओढलं जातं. हवेचं तोंड जवळ नसेल किंवा इंजिन किंचाळत असेल तर सगळ्यांनी लांब व्हावं. इंजिन मोडलं तर पुन्हा बसवता येतं.

लायनर झिजायचं आपल्या भागातलं मोठं कारण धूळ आहे. एअर क्लीनरपासून इंजिनापर्यंत जो रबरी पाइप जातो, त्याला मागच्या, न दिसणाऱ्या बाजूने तडा जातो. क्लीनर झकास असतो, आणि इंजिन त्या तड्यातून फुफाटा पीत असतं. धूळ आणि ऑइल मिळून पॉलिशपेपर तयार होतो. कित्येक वर्षं टिकणारे लायनर मग एका हंगामात जातात. हंगामाला निघण्याआधी तो पाइप हाताने वाकवून पाहायला दोन मिनिटं लागतात.

पांढरा धूर लोकांना सगळ्यात जास्त घाबरवतो, आणि बऱ्याचदा विनाकारण. एक लिटर डिझेल जळालं की त्यातून जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. वाफेच्या रूपात ते नेहमीच बाहेर जात असतं. उन्हाळ्यात ते दिसत नाही. डिसेंबरच्या पहाटे, फडावर अंगावर काटा आणणारी थंडी असताना, तीच वाफ धुराड्याच्या तोंडाशी पांढरी दिसते, आपल्या तोंडच्या वाफेसारखी. परळीच्या औष्णिक वीज केंद्राचे कमरेत निमुळते मनोरे पाहिलेत ना? त्यांच्यावरचा पांढरा लोट धूर समजणारे अजूनही आहेत. तो कोळशाचा धूर नसून पाणी थंड करताना उठणारी वाफ असते. धूर शेजारच्या उंच चिमणीतून जातो. 2013 च्या दुष्काळात पाण्याअभावी हे केंद्र बंद ठेवावं लागलं होतं, यावरून त्याला किती पाणी लागतं ते कळावं.

वाफ ओळखायची खूण म्हणजे ती काही हातांवर विरून जाते आणि तिला वास नसतो. न जळालेल्या डिझेलचा पांढरा धूर विरत नाही, जमिनीलगत रेंगाळतो, डोळ्यांना झोंबतो. थंड इंजिनात सुरुवातीला तोही थोडा येतो आणि इंजिन गरम झाल्यावर थांबतो. नाही थांबला तर एखादा सिलिंडर नीट पेट घेत नाही. नोझल, पंपाचं टायमिंग, कॉम्प्रेशन, डिझेलच्या लाइनीत शिरलेली हवा किंवा टाकीत उतरलेलं पाणी, यांपैकी काहीतरी. इंजिन एका पायावर लंगडतंय असा आवाज सोबत असतो.

खरी भीती तिसऱ्या प्रकाराची. इंजिन पूर्ण गरम आहे, ऊन चढलंय, तरी वाफेचे लोट थांबत नाहीत आणि रेडिएटरमधलं पाणी रोज कमी होतंय. म्हणजे हेडचं पॅकिंग फुटलंय किंवा हेडला तडा गेलाय, आणि पाणी सिलिंडरमध्ये शिरतंय. ऑइलची पट्टी काढा. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर इंजिन पुन्हा चालू करू नका, कारखान्याचा गव्हाणपट्टा समोर दिसत असला तरी. पाणी मिसळलेल्या ऑइलला वंगण राहत नाही, बेअरिंगं जातात, आणि पॅकिंगच्या खर्चाचं काम पूर्ण इंजिनावर जातं. ऑइल दुधाळ नसेल तर इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून चालू करा. पाण्यात सतत बुडबुडे येत असतील तर सिलिंडरमधला वायू तिथे पोहोचतोय. गरम इंजिनाचं झाकण मात्र कधीही काढू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, ते उकळून तोंडावर उडतं.

हेड मुळात तापतं का? आपल्याकडे रेडिएटरमध्ये बोअरचं जड पाणी ओततात. त्यातले क्षार आत जमून थर होतो, चहाच्या भांड्यात होतो तसा, आणि उष्णता बाहेर पडत नाही. बाहेरून जाळीत उसाचं पाचट नि भुसा अडकतो. हंगामाआधी कूलंट भरणं आणि रोज संध्याकाळी जाळी साफ करणं हे हेडच्या कामापेक्षा कितीतरी स्वस्त आहे.

मोटारसायकलचं थोडक्यात सांगतो. एके काळच्या लूना आणि एम-80 पेट्रोलमध्ये ऑइल मिसळूनच चालायच्या, त्यांचा धूर निळसर असायचाच. आजच्या फोरस्ट्रोक गाडीतून निळा धूर आला तर तो आजारच. उतारावर मूठ सोडून आलात आणि खाली पुन्हा रेस देताच निळा झोत आला, तर वॉल्वचं सील. रेस देताना सतत येत असेल तर रिंगा.

नव्या गाड्यांनी हे वाचन थोडं बदललंय. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 गाड्याच विकल्या जाऊ लागल्या, आणि 1 जानेवारी 2023 पासून 50 हॉर्सपॉवरच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांनाही कडक निकष लागू झाले. धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असलेल्या गाडीतून काळा धूर दिसला तर तो फिल्टर फुटला आहे किंवा कुणीतरी काढून टाकला आहे. पण इंजिनाचा दोष आतल्या आत फिल्टरमध्ये साचत राहतो नि बाहेर दिसत नाही. अशा गाडीत डॅशबोर्डवरच्या दिव्याकडे लक्ष द्यावं लागतं. आणि पीयूसीचा कागद मिळाला म्हणजे इंजिन निरोगी, असं समजू नका. डिझेल गाडीची ती चाचणी न्यूट्रलमध्ये रेस देऊन होते. घाटात, लोडखाली काय होतं ते तिथे दिसत नाही.

धुराचा त्रास फक्त इंजिनाच्या खर्चाचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून 2012 मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. ट्रॉलीवर बसून दोनशे-तीनशे किलोमीटर जाणाऱ्या लेकरांच्या नाकात तोच धूर जातो. एअर क्लीनरची वाटी धुतली तर तेवढा तरी कमी जाईल.

शेवटी, ज्या धुराला रंगच नाही त्याविषयी. तो विहिरीत मारतो. पंप पाणी वर कितीही ढकलेल, पण खालून ओढू शकतो तो व्यवहारात जेमतेम सात मीटर. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी खोल गेलं की लोक इंजिनच विहिरीत उतरवतात, आणि मग ते चालू करायला, पाहायला माणूस खाली जातो. विहिरीत हवा खेळत नाही. आतला ऑक्सिजन घटत जातो आणि कार्बन मोनॉक्साइड साचतो. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. पेट्रोल-रॉकेलवरचे छोटे पंप तो फार सोडतात. डिझेल इंजिन कमी सोडतं, पण कोंडलेल्या जागेत तेवढाही पुरतो. माणसाला आधी डोकं जड वाटतं, मग पायातली शक्ती जाते, आणि शिडी दिसत असून चढता येत नाही. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. इंजिन वरच ठेवा, जनरेटरवर पाण्यातली मोटार लावा. कुणी खाली बेशुद्ध पडलंच, तर वरून डिझेल तोडून इंजिन बंद करा, 112 ला फोन लावा, आणि कमरेला दोर बांधून वर धरणारी माणसं असल्याशिवाय कुणालाही खाली उतरू देऊ नका. दोर असला तरी श्वासाचं साधन घेऊन येणाऱ्या अग्निशमन दलाच्या माणसाने उतरणंच योग्य.

(रेडिओवरील भाषणावरून संपादित)